अजब बंगला आणि पाटीवर नसलेली माणसे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय विदर्भातील जनता त्याच्या सरकारी नावाने ओळखत नाही. तिच्या लेखी तो ‘अजब बंगला’ आहे. दवाखान्याच्या, कोर्टकचेरीच्या किंवा बाजारहाटाच्या निमित्ताने खेड्यातून शहरात आलेला माणूस, काम आटोपून परतीच्या गाडीला अवकाश असेल तर, मुलाबाळांना घेऊन अजब बंगला पाहून येतो. पेंढा भरलेला वाघ पाहतो, दगडी मूर्तींना हात जोडतो, तलवारी-भाल्यांपाशी घटकाभर रेंगाळतो आणि बाहेर पडतो. या माणसाने इतिहासाचे पुस्तक उघडलेले नसते, भूगर्भशास्त्राचे नाव ऐकलेले नसते. पृथ्वी, प्राणी, राजे आणि प्रजा यांविषयी सुशिक्षित जगाचे काय म्हणणे आहे, हे त्याला बहुधा अशाच एखाद्या जागी कळते. म्हणजे संग्रहालय ही या देशातील निरक्षर आणि अर्धसाक्षर जनतेची एक शाळा आहे. अशी शाळा काय शिकवते याकडे समाजवादी कार्यकर्त्याने मात्र क्वचितच लक्ष दिले आहे. गिरणी, शेत, कारखाना, कचेरी ही त्याची क्षेत्रे. संग्रहालय म्हणजे विद्वानांचा विषय किंवा शाळेच्या सहलीचा मुक्काम, अशी त्याची समजूत आहे. ती तपासून पाहणे हा या व्याख्यानाचा हेतू.

प्रारंभी नावाचाच विचार करावा. ‘अजब’ काय आणि कोणाला? वाघ जंगलात राहणाऱ्याला अजब नसतो. बांबूची टोपली विणणाऱ्याला टोपली अजब नसते. वस्तू अजब ठरते ती तिच्या ठिकाणाहून उचलून काचेमागे ठेवल्यावर, आणि तीही परक्याच्या नजरेला. अजब बंगला कोणाच्या नजरेसाठी उभारला गेला, हा प्रश्न म्हणूनच पहिला.

संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. त्या सालाच्या अलीकडची आणि पलीकडची काही वर्षे शेजारी शेजारी मांडून पाहावीत. १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला बाबूराव शेडमाके या गोंड जमीनदाराला इंग्रजांविरुद्ध उठाव केल्याबद्दल फाशी देण्यात आले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि पुढच्याच वर्षी रिचर्ड टेंपल यांनी त्याचा कारभार हाती घेतला. त्यांच्याच कारकिर्दीत हे संग्रहालय उभे राहिले. १८६५ मध्ये नागपुरात कला, उद्योग आणि शेतमाल यांचे मोठे प्रदर्शन भरले. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली आगगाडी नागपूरला पोहोचली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापसाचा तुटवडा पडला होता आणि वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसावर त्यांचे डोळे लागले होते, तोही हाच काळ.

या क्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते. नवा मुलूख ताब्यात आला की शहाणा धनी आधी मोजदाद करतो. खडक कोणते, त्यांत कोळसा किती, लाकूड कोणते, स्लीपरांना कोणते झाड चालेल, कापूस कसा, कारागीर कोणते, जमाती कोणत्या आणि त्यांतल्या शांत कोणत्या, बंडखोर कोणत्या. प्रदर्शन, जनगणना, गॅझेटियर आणि संग्रहालय ही एकाच मोजदादीची चार अंगे होत. शेडमाके यांची फाशी आणि संग्रहालयाची स्थापना यांत अवघ्या पाच वर्षांचे अंतर आहे. ज्या लोकांतून बंड उठले होते त्यांचे दागिने, वाद्ये आणि हत्यारे यांना काचेमागे जागा मिळू लागली ती त्यानंतर.

एवढ्यावरून संग्रहालयाला लुटीचे कोठार म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. राज्यकर्त्यांचा हेतू एक असतो आणि संस्थेचे फलित पुष्कळदा दुसरेच निघते. आगगाडी कापूस नेण्यासाठी आली, तिच्यातून वर्तमानपत्रे आणि पुढारीही आले. मोजदादीसाठी जमवलेल्या वस्तूंमधून जनतेला स्वतःचा इतिहास वाचता येणे शक्य आहे. तो कसा वाचायचा हे मात्र शिकावे लागते.

दगड काय सांगतो

अशा संग्रहालयाचा आरंभ दगडांपासून करणे उत्तम. प्रेक्षक तेथे थांबत नाहीत. नागपूरच्या परिसरातील खडकांचा पहिला पद्धतशीर अभ्यास ज्यांनी केला त्यांत रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी अग्रभागी होते. १८४५ मध्ये ते नागपुरात आले. धर्मप्रसारासाठी आले, पण त्यांची नजर रस्त्याच्या कडेच्या दगडांवर खिळली. शहरालगतच्या टाकळी येथे लाव्हारसाच्या थरांमध्ये सापडलेले गोड्या पाण्यातील शंख-शिंपले आणि वनस्पतींचे अवशेष त्यांनी गोळा केले. दख्खनचे पठार ज्या लाव्ह्याने घडले तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पुन्हा पुन्हा वाहिला. दोन प्रवाहांच्या मधल्या शांततेत तळी साचली, झाडे उगवली, गोगलगायी चालल्या. पुढच्या प्रवाहाने ते सारे गाडले. ओंजळीत मावणाऱ्या दगडात ही हकीकत आहे. माणसाच्या जन्माआधी कोट्यवधी वर्षे पृथ्वीवर जीवसृष्टी नांदत होती, तिच्यात ना जात होती ना जमीनदारी. विषमता अनादि आहे असे ज्यांना बालपणापासून शिकविले गेले, त्यांना हा दगड हातात देणे हे लोकशिक्षणाचे मोठे काम आहे.

याच खडकांच्या निमित्ताने आणखी एक शब्द जगभर गेला. मध्य भारतातील कोळसा ज्या थरांत सापडतो त्यांना भूगर्भशास्त्रज्ञांनी १८७० नंतरच्या दशकात ‘गोंडवाना’ हे नाव दिले. गोंडांची भूमी ती गोंडवाना. तशाच वनस्पतींचे अवशेष आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि पुढे अंटार्क्टिका येथेही आढळले. हे सर्व भूभाग एके काळी एकसंध होते असे निष्पन्न झाले, आणि त्या प्राचीन महाखंडाला हेच नाव पडले. जगातील कोणत्याही विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकणारा विद्यार्थी ते उच्चारतो. गोंडांचे नाव असे दक्षिण ध्रुवाच्या बर्फापर्यंत पोहोचले. खुद्द गोंड मात्र आपल्याच जंगलात अतिक्रमणदार ठरत गेला. १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी त्याची वहिवाट ही सवलत केली आणि सवलत हा गुन्हा केला. २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा करून हा ऐतिहासिक अन्याय असल्याचे मान्य केले. तरीही कसत असलेल्या तुकड्यावर १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवण्याचे ओझे त्याच्याच डोक्यावर राहिले. महाखंड ज्याच्या भूमीच्या नावाने ओळखला जातो त्याला दोन एकरांचा पुरावा मागितला जातो. संग्रहालयातील कोळशाच्या तुकड्याखाली ही हकीकत लिहिण्याइतकी जागा असते. ती लिहिलेली नसते एवढेच.

सापडलेले आणि सापडवणारे

पुढे पुरातत्त्व. १८७० मध्ये बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे गुरे राखणाऱ्या मुलांना जमिनीतून वर आलेला धातूचा तुकडा दिसला. उकरल्यावर तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. काही पत्रे शिंगे खाली वळलेल्या बैलाच्या मस्तकाच्या आकाराचे आहेत. नुसत्या तांब्याचे वजन ८२९ पौंड, म्हणजे सुमारे पावणेचार क्विंटल भरले. भारतात सापडलेल्या ताम्रनिधींमध्ये हा सर्वांत मोठ्यांपैकी एक. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकातील मानला जाणारा हा साठा पुढे विखुरला. काही वस्तू नागपूरला राहिल्या, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. एरवी अशा तांब्याची वाट तांबटाच्या भट्टीकडे जाते. ते वितळले नाही याचे श्रेय संग्रहालय नावाच्या संस्थेला दिले पाहिजे.

पण त्या गुराखी मुलांचे काय? ताम्रनिधीवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले. कुऱ्हाडींची लांबी, जाडी, वजन यांची कोष्टके झाली. चर्चेत मुले येतात ती एका वाक्यापुरती. त्या हत्यारांसाठी ज्यांनी खाणीत उतरून दगड फोडला, भाते फुंकले, साच्यात रस ओतला, त्यांच्याविषयी तर एक वाक्यही हाताशी नाही. ते इतिहासाच्या अंधारात गेले, त्याला इलाज नाही. गुराखी अंधारात गेलेला नव्हता. तो १८७० मध्ये सरकारी अंमलदाराच्या समोर उभा होता.

नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट येथे शिलावर्तुळे आहेत. मोठमोठ्या धोंड्यांची ही वर्तुळे म्हणजे ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातील दफनस्थाने. त्यांतून लोखंडी कुऱ्हाडी, मडकी, मणी आणि घोड्याच्या साजाचे तांब्याचे भाग मिळाले आहेत. हिस्लॉप यांचा मृत्यू याच वर्तुळांच्या पायी ओढवला. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटचे उत्खनन पाहून परतताना पुराने फुगलेल्या नाल्यात ते बुडाले. ज्ञानाच्या ओढीने गेलेला तो जीव होता आणि त्याविषयी आदरच बाळगला पाहिजे. त्याबरोबर एवढेही ध्यानात ठेवावे की उत्खननात फावडे साहेबांच्या हातात नसते. माती उपसणारे मजूर जवळच्या गावचे असतात. धोंडा कोठे हलला, मातीचा रंग कोठे पालटला हे त्यांच्याच बोटांना आधी कळते. रोजंदारीच्या हजेरीपटावर त्यांचे अंगठे राहतात, अहवालाच्या मुखपृष्ठावर दुसऱ्यांची नावे येतात. संशोधनाच्या क्षेत्रातही श्रमविभागणी आहे आणि तिचे नियम गिरणीच्या नियमांहून फारसे वेगळे नाहीत.

ताम्रपटातील वेठ

संग्रहालयातील ताम्रपटांपाशी सामान्य प्रेक्षक क्षणभरही थांबत नाही. अक्षरे लागत नाहीत, भाषा संस्कृत. वास्तविक शेतकऱ्याने आणि शेतमजुराने थांबावे असे ठिकाण तेच आहे. पाचव्या शतकात विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांचे अनेक दानपट उपलब्ध आहेत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९६३ मध्ये त्यांचा संपूर्ण संग्रह संपादित करून विदर्भाच्या इतिहासाचा पाया घातला. त्यांपैकी अचलपूरजवळच्या चम्मक येथे सापडलेला दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट उदाहरणादाखल घ्यावा. राजाने एक हजार ब्राह्मणांना एक गाव दान दिले आणि त्या गावाला कोणकोणत्या गोष्टी माफ केल्या याची यादी दिली. सैनिकांनी गावात शिरू नये. गाई-बैल, फुले, दूध घेऊ नये. बसण्यासाठी कातडी आणि जाळण्यासाठी कोळसा मागू नये. मीठ आणि खनिजे यांवर हक्क सांगू नये. आणि सर्व प्रकारची ‘विष्टि’ माफ.

ही यादी दानशूरपणाची प्रशस्ती म्हणून वाचली जाते. ती उलटी वाचावी. एका गावाला जे माफ झाले ते बाकीच्या सगळ्या गावांकडून वसूल होत होते, असा तिचा अर्थ आहे. शेजारच्या गावात शिपाई शिरत होता, बैल ओढून नेत होता, दूध आणि कातडी मागत होता. आणि विष्टि म्हणजे काय? मोबदला न देता करून घेतलेले काम. त्याच शब्दावरून मराठीत ‘वेठ’ हा शब्द आला. वेठीस धरणे, वेठबिगार हे शब्द शेतमजुरांच्या मोर्चात आजही उच्चारले जातात. त्यांची वंशावळ या तांब्याच्या पत्र्यापर्यंत पोहोचते. १९७६ मध्ये संसदेने वेठबिगारी नष्ट करणारा कायदा केला. पाचव्या शतकातील राजाने एका गावाला जे दिले ते विसाव्या शतकातील प्रजासत्ताकाला सर्वांसाठी कायद्याने द्यावे लागले. एवढा प्रदीर्घ इतिहास काचेच्या पेटीत पडून असतो आणि वेठीवर राबलेल्याचा वंशज तिच्यासमोरून निघून जातो. कारण ती आपल्याविषयी आहे असे त्याला कोणी सांगितलेले नसते.

याच ताम्रपटात दुसरीही एक गोष्ट आहे. दान घेणाऱ्यांवर अटी घातल्या आहेत: राज्याविरुद्ध द्रोह करू नये, चोरी करू नये, इतर गावांना उपद्रव देऊ नये. अटी मोडल्या तर जमीन परत घेण्यात राजाला दोष नाही. सत्ता आणि पुरोहितवर्ग यांच्यातील करार एवढ्या स्पष्ट शब्दांत क्वचितच वाचायला मिळतो. धर्म आणि जमीन यांच्या संबंधावर अभ्यासवर्ग घेऊ इच्छिणाऱ्यांना यापेक्षा चांगले पाठ्यपुस्तक शोधावे लागणार नाही.

वाघ आणि गोंड

आता सर्वांत गर्दीच्या भागाकडे. प्राणी, पक्षी, सरपटणारे जीव यांचे दालन आणि आदिवासी जीवनाचे दालन ही दोन्ही या प्रकारच्या संग्रहालयांत एकाच छपराखाली असतात. योजना सोयीची खरी. पण तिच्यामागे एक जुनी विचारसरणीही आहे. १८६६-६७ मध्ये जबलपूरला भरलेल्या प्रदर्शनात मध्य प्रांताच्या अधिकाऱ्यांनी निरनिराळ्या जमातींची जिवंत माणसे आणवली. समिती बसली, त्यांची पाहणी झाली, भाषेच्या नोंदी घेतल्या गेल्या. १८६८ मध्ये नागपूरहून छापल्या गेलेल्या त्या समितीच्या अहवालाच्या शीर्षकातच या माणसांसाठी ‘नमुने’ हा शब्द वापरलेला आहे. जसे धान्याचे नमुने, लाकडाचे नमुने, तसे माणसांचे नमुने. अधिकारी दुष्ट होते असे मुळीच नाही. त्यांच्यातले काही कनवाळू होते, काही विद्वान होते. माणसाला नमुना मानण्यासाठी दुष्टपणाची गरज लागत नाही, उंचावर बसून पाहण्याची सवय पुरते.

हिस्लॉप यांच्या हयातीनंतर १८६६ मध्ये टेंपल यांनी त्यांचे आदिवासींविषयीचे लेख प्रसिद्ध केले. त्यांत गोंडांच्या लिंगो या देवपुरुषाची दीर्घ गाथा आहे. ती एका परधानाकडून ऐकून उतरवलेली होती. परधान हे गोंडांचे गायक; तंतुवाद्यावर वंशावळी आणि देवकथा गाणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर मिशनऱ्याचे नाव आहे, चीफ कमिशनरचे नाव आहे. ज्याच्या कंठात ती गाथा होती त्याचे नाव तेथे नाही. गुंगेरियाच्या गुराख्याची आणि टाकळघाटच्या मजुराची हकीकत येथे तिसऱ्यांदा भेटते.

पुढच्या काळात मोठमोठ्या माणसांत याच प्रश्नावर वाद झाला. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ मध्ये बैगांविषयीच्या ग्रंथात, त्यांच्यासाठी एखादे राखीव वनक्षेत्र असावे असे सुचवले. आदिवासींना संग्रहालयात कोंडण्याचा हा डाव आहे, अशी टीका झाली. डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये आदिवासी हा मागासलेला हिंदूच असल्याचे प्रतिपादन केले. एका बाजूने त्याला जपून ठेवावे, दुसऱ्या बाजूने मिसळून टाकावे. दोन्ही पक्षांत अभ्यास होता, कळकळही होती. पण त्याला काय हवे, हे त्याच्या तोंडून ऐकण्याची सोय त्या वादात नव्हती.

अभ्यासाची दुसरी रीत महाराष्ट्रातच शिकायला मिळते. दुर्गाबाई भागवत मध्य प्रांताच्या जंगलात गोंडांमध्ये हिंडल्या. तेथे विषारी सुरण खाण्यात आल्यामुळे कित्येक वर्षे अंथरुणाला खिळल्या. लोकसाहित्य हा त्यांच्या लेखी काचेमागचा पदार्थ नव्हता, जिवंत माणसांचे बोलणे होते. सामान्य माणसाच्या वाणीविषयी एवढा आदर बाळगणाऱ्या बाई आणीबाणीत गप्प बसल्या नाहीत आणि १९७६ मध्ये तुरुंगात गेल्या, यात आश्चर्य ते काय! दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक. पण पुण्याच्या परिसरातील टेकड्या पायी तुडवून त्यांनी गावदेवीची ठाणी आणि अश्मयुगीन दगडी पात्यांची स्थळे यांचा मेळ दाखवला. देवीला शेंदूर लावणारी बाई आणि जमिनीतली गारगोटीची छिलके यांना त्यांनी एकाच इतिहासाची दोन पाने मानले. मातीतील वस्तू आणि मातीवरील माणूस यांना वेगळे न करणे, ही ती रीत.

कार्यकर्त्याचे कर्तव्य

येथे कार्यकर्त्याने स्वतःकडेही पाहावे. संग्रहालयाला बोल लावणे सोपे असते. मेळाव्यात पाहुण्यांच्या स्वागताला मोरपिसे आणि शिंगे लावलेले नर्तक उभे करायचे, ढोल वाजवून घ्यायचे, छायाचित्र काढायचे आणि ठराव मात्र शहरातल्या चार जणांनी लिहायचे, ही प्रथा पुरोगामी म्हणवणाऱ्या व्यासपीठांवरही कमी नाही. तेथे नाचणारा गोंड हा काचेविनाचा नमुनाच ठरतो. जबलपूरच्या समितीला नावे ठेवताना आपल्या व्यासपीठावरची बसण्याची व्यवस्था एकदा डोळ्यांखालून घालावी.

उपाय काय? संग्रहालये बंद करा, वस्तू परत करा, असे सरसकट सांगणारा पंथ आहे. काही बाबतींत परत करणे न्यायाचेही असेल. परंतु विदर्भातील शेतकऱ्याच्या मुलाला स्वतःच्या भूमीचा इतिहास एका जागी पाहण्याची जी थोडी ठिकाणे उपलब्ध आहेत, त्यांतले हे एक आहे आणि ते सार्वजनिक मालकीचे आहे. सार्वजनिक मालकीची शाळा वाईट शिकवत असेल तर ती पाडत नाहीत, तिचा अभ्यासक्रम बदलण्यासाठी लढतात.

अभ्यासक्रम बदलता येतो याचा दाखला जवळच भोपाळला आहे. तेथील इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात टेकडीवर मोकळ्या आभाळाखाली निरनिराळ्या जमातींची घरे आहेत आणि ती त्या त्या जमातीच्या लोकांनी येऊन स्वतः बांधलेली आहेत. कुडाचा विण कसा धरायचा, छप्पर कोणत्या बाजूला उतरते ठेवायचे हे सांगणारा तेथे घर बांधणारा होता. अशा योजनेतही उणिवा निघतील. पण सांगणाऱ्याची जागा बदलली, ही मोठी गोष्ट झाली.

त्याहून मोठी गोष्ट संग्रहालयाच्या भिंतीबाहेर घडली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने वर्षानुवर्षे ग्रामसभेत बसून, आपल्या जंगलाचा अभ्यास करून, २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळवला. २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा अधिकार त्याने प्रत्यक्षात आणला. कोणते झाड कोठे आहे, बांबू किती तोडावा, किती राखावा याची नोंद गावाने केली. १८६३ मध्ये सुरू झालेल्या मोजदादीचे टोक येथे उलटे फिरले. आता मोजणारा गोंड आहे आणि मोजतो आहे तो स्वतःसाठी. अजब बंगल्यातील वाघ आणि गोंड यांच्यातले खरे नाते समजून घ्यायचे असेल तर अशा गावाच्या वनव्यवस्थापनाची वही त्या दालनात ठेवली पाहिजे.

म्हणून संग्रहालयात जाणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने तीन प्रश्न बरोबर न्यावेत. ही वस्तू कोणाच्या हातांनी घडवली? ती त्याच्याकडून येथे कशी आली? आणि त्याचे लोक आज कोठे आहेत, कसे जगतात? पाटीवर बहुधा वस्तूचे नाव, धातू, काळ आणि स्थळ एवढेच असते. तिन्ही प्रश्नांची उत्तरे नेहमी मिळतील असे नाही. गुंगेरियाचा तांबट आता सापडणार नाही. पण टोपली, तुंबा, वाद्य, मासे धरण्याचा बांबूचा सापळा यांच्याबाबत उत्तर देणारा माणूस हयात आहे आणि पुष्कळदा तो त्याच दालनात, तिकीट काढून, गुपचूप उभा असतो.

यासाठी खर्च फार नाही. तालुक्याच्या शाखेने वर्षातून एकदा गावातील वडीलधाऱ्या स्त्री-पुरुषांना संग्रहालय पाहण्यास न्यावे. तेथे त्यांना व्याख्यान देऊ नये. त्यांनाच प्रत्येक वस्तूपाशी बोलू द्यावे आणि सोबतच्या तरुणांनी ते सांगणाऱ्याच्या नावासह लिहून घ्यावे. सापळा ओढ्यात कोणत्या तोंडाने लावतात, कोणत्या महिन्यात लावू नये, टोपली विणणाऱ्या बाईला बांबू आणायला किती लांब जावे लागते, वाद्याला ताणलेले कातडे कोणाच्या हातचे, हे सारे त्या टिपणांत येईल. त्यांची एक प्रत संग्रहालयाच्या अभिरक्षकाला द्यावी आणि पाटीत भर घालण्याची लेखी मागणी करावी. गोंडी भाषा २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे तीस लाख लोकांची मातृभाषा आहे, तरी घटनेच्या आठव्या परिशिष्टात तिला स्थान नाही. निदान गोंडांच्या वस्तूंच्या पाटीवर तिला स्थान मिळावे, ही मागणी त्याच अर्जात जोडावी.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत या संग्रहालयाचा मूळ प्रदेश दुभंगला. बालाघाट एका राज्यात राहिले, नागपूर दुसऱ्यात आले, आणि २००० मध्ये छत्तीसगड वेगळा झाला. सीमा अशा सरकत राहतात. नागपूर शहर वसवले ते देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजाने, अठराव्या शतकाच्या आरंभी. त्या शहरातील संग्रहालयात गोंडाने पाहुणा म्हणून यावे, किंवा नमुना म्हणून असावे, याला काही अर्थ नाही.

गडचिरोलीकडून बापाबरोबर आलेला एखादा मुलगा तेथील पेटीसमोर थांबतो. आत ठेवलेला मासे धरण्याचा सापळा त्याच्या घरच्या आढ्याला टांगलेल्या सापळ्यासारखाच असतो. तो बापाकडे पाहतो. बाप हसतो आणि गोंडीत हळू आवाजात काही सांगतो. पहारेकरी रागावेल म्हणून मोठ्याने बोलत नाही. कार्यकर्त्याने त्या बापाजवळ जावे, नाव विचारावे आणि वही उघडावी.